हृदयाचा आलेख वाचताना : निमित्त विंचूदंशाचं

लेखाचं शीर्षक वाचून "हे आमच्या सिलॅबसमध्ये नाही" असं म्हणून पान उलटू नका. ईसीजी म्हणजे डॉक्टरांचं काम, आपलं काय? असं मलाही वाटायचं. पण बायोमेडिकल इन्स्ट्रुमेंटेशनचा विषय घेतला, प्रोजेक्टसाठी एडी ८२३२ चिपवर छोटा ईसीजी बोर्ड जोडला आणि लक्षात आलं, की हा तर आपल्याच घरचा पाहुणा आहे. एक मिलिव्होल्टच्या आसपासचा सिग्नल, त्यावर पन्नास हर्ट्झची गुणगुण, एक डिफरन्शियल अॅम्प्लिफायर, दोन-तीन फिल्टर आणि शेवटी कागदावर एक रेघ. फरक एवढाच, की आपल्या लॅबमध्ये वेव्हफॉर्म चुकीचा वाचला तर जर्नलवर लाल शेरा येतो. इथे एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

विंचू कुठून आला, हेही सांगतो. आपलं करमाड म्हणजे जालना रोडवरचं गाव. एका बाजूला शेंद्र्याची एमआयडीसी, उरलेल्या बाजूंना शेतं, मुरूम, दगडांचे ढीग आणि बांधकामं. विंचवाला याहून चांगली जागा कोणती? आणि लाल विंचवाच्या विषाचा खरा नेम असतो तो हृदयावर. म्हणून ठोक्यांची लय बिघडलेल्या रुग्णाचा ईसीजी कसा वाचतात, हे शिकायला आपल्या मातीतलं हेच उदाहरण घेऊ.

आधी थोडी ओळख

हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन म्हणजे कर्णिका, खालचे दोन म्हणजे जवनिका. उजव्या कर्णिकेत एक नैसर्गिक ऑसिलेटर असतो, त्याला सायनस नोड म्हणतात. तो मिनिटाला ६० ते १०० वेळा पल्स देतो. ही पल्स कर्णिकांतून पसरते, मधल्या एव्ही नोडमध्ये थोडी थांबते आणि मग वेगवान तारांसारख्या तंतूंमधून जवनिकांत पोचते. वरचं रक्त खाली उतरायला वेळ मिळावा म्हणून हा मुद्दाम ठेवलेला डिले! निसर्गाने सिक्वेन्शियल सर्किट आपल्या आधी बनवलं होतं.

कागदावर याच्या तीन खुणा दिसतात. कर्णिका पेटल्या की छोटी गोल पी लहर, जवनिका पेटल्या की टोकदार क्यूआरएस, आणि जवनिका पुन्हा पूर्वस्थितीला आल्या की टी लहर. ही अक्षरं दिली हॉलंडमधल्या लायडनच्या विलेम आइंटहोवन यांनी. त्यांनी १९०३ च्या सुमारास जे स्ट्रिंग गॅल्व्हनोमीटर वापरलं, त्याचं वजन पावणेतीनशे किलोच्या घरात होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. रुग्ण हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचा. १९०५ मध्ये त्यांनी सुमारे दीड किलोमीटरवरच्या हॉस्पिटलातून टेलिफोनच्या तारेवर आलेख आपल्या प्रयोगशाळेत आणला. या कामाला १९२४ चं नोबेल मिळालं. आज तालुक्याचा डॉक्टर पट्टीचा फोटो शहरातल्या तज्ज्ञाला मोबाईलवर पाठवतो, आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावेल असं टेली-ईसीजी यंत्र विकसित केलं आहे. या सगळ्याचं मूळ त्या तारेत आहे.

कागद म्हणजे आपला ग्राफ पेपर

कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. म्हणजे आडव्या अक्षावर एक छोटा चौकोन ०.०४ सेकंद आणि पाच छोट्यांचा एक मोठा चौकोन ०.२० सेकंद. उभ्या अक्षावर १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. पट्टीच्या टोकाला जो चौकोनी पल्स दिसतो ते कॅलिब्रेशन. ते बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. आपण सीआरओवर व्होल्ट पर डिव्हिजन न बघता रीडिंग घेतो का? तसंच हे.

सहा प्रश्न, याच क्रमाने

बिघडलेल्या लयीची पट्टी हातात आली की डोळे आधी विचित्र दिसणाऱ्या ठोक्याकडे धावतात. तिथेच घोटाळा होतो. क्रम सोडायचा नाही.

१) वेग किती? लय नियमित असेल तर ३०० ला दोन आर-टोकांमधल्या मोठ्या चौकोनांनी भागा. तीन चौकोन असतील तर १००, चार असतील तर ७५. लय अनियमित असेल तर हे गणित फसतं. तेव्हा ३० मोठे चौकोन म्हणजे सहा सेकंद मोजा, त्यातले क्यूआरएस मोजा आणि दहाने गुणा.

२) लय नियमित आहे का? कोऱ्या कागदाच्या कडेवर लागोपाठच्या तीन आर-टोकांच्या खुणा करा आणि तो कागद पट्टीवर पुढे सरकवा. खुणा जुळत गेल्या तर नियमित. एखादाच ठोका चुकतो, ठराविक अंतराने चुकतो, की काहीच जुळत नाही? या तिन्हीचे अर्थ वेगळे आहेत.

३) प्रत्येक क्यूआरएसच्या आधी पी आहे का? आणि प्रत्येक पीच्या मागे क्यूआरएस येतो का? मास्टर क्लॉक आणि आउटपुट यांचं नातं टिकून आहे का, एवढंच हा प्रश्न विचारतो.

४) पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंत किती वेळ? तीन ते पाच छोटे चौकोन, म्हणजे ०.१२ ते ०.२० सेकंद, हे ठीक. त्याहून जास्त म्हणजे मधल्या वाटेत उशीर होतोय.

५) क्यूआरएस अरुंद की रुंद? तीन छोट्या चौकोनांपेक्षा कमी असेल तर पल्स नेहमीच्या वेगवान रस्त्याने आली. तीन किंवा जास्त असेल तर बहुधा ती जवनिकेतच कुठेतरी उगवली, किंवा एखादी शाखा बंद असल्याने वळसा घालून आली.

६) रुग्ण कसा आहे? हा प्रश्न शेवटी लिहिला, कारण तो पट्टीवर नसतो. प्रत्यक्षात तो सगळ्यात आधी विचारायचा असतो. माणूस बेशुद्ध आहे आणि नाडी लागत नाही, तर पट्टी वाचत बसायचं नाही, छाती दाबायला सुरुवात करायची.

नेहमी भेटणाऱ्या चार लयी

वेग वाढलाय, पण सगळं क्रमाने आहे : पी आहे, मागोमाग अरुंद क्यूआरएस आहे, फक्त वेग १०० च्या वर. ही सायनस टॅकिकार्डिया. ताप, भीती, वेदना, व्हायव्हा... कशानेही होते. हा स्वतः आजार नव्हे, कशाची तरी वर्दी असते.

मध्येच घुसणारा रुंद ठोका : वेळेआधी येतो, आधी पी नसते, क्यूआरएस रुंद असतो, टी उलट्या दिशेला असते आणि नंतर एक लांब विसावा पडतो. हा जवनिकेचा अकाली ठोका. विसावा का पडतो, हे आपल्याला पटकन कळेल. सायनस नोडचं घड्याळ या घुसखोराने सहसा रीसेट होत नाही. त्याची पुढची पल्स वेळेवरच येते, पण जवनिका अजून सावरलेली नसल्याने ती वाया जाते. म्हणून आधीच्या ठोक्यापासून नंतरच्या ठोक्यापर्यंतचं अंतर बरोबर दुप्पट भरतं. मोजून बघा, समाधान वाटतं!

काहीच न जुळणारी लय : पी कुठेच नाही, बेसलाइन नुसती थरथरते आणि क्यूआरएस मनाला येईल तसे पडतात. हे एट्रियल फिब्रिलेशन. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या तरुण रुग्णांतही हे दिसतं. कर्णिका नीट आकुंचन पावत नाहीत, रक्त साकळतं, आणि गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. एका अनियमित पट्टीमागे एवढं मोठं प्रकरण असू शकतं.

पी आणि क्यूआरएसची फारकत : पी आपल्या वेगाने चालल्यात, क्यूआरएस आपल्या संथ वेगाने, एकमेकांशी संबंध नाही. हा पूर्ण हार्ट ब्लॉक. मास्टर क्लॉकची तार तुटली आणि खालच्या बॅकअप ऑसिलेटरने काम हाती घेतलं. इथे बहुतेक वेळा पेसमेकरचा विचार करावा लागतो.

याखेरीज रुंद ठोक्यांची वेगवान रांग लागली तर ती व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, आणि रेघेला काही आकारच उरला नाही तर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. या दुसरीत हृदय रक्त फेकत नाही, नुसतं थरथरतं. छाती दाबणं आणि शक्य तितक्या लवकर शॉक, एवढाच मार्ग राहतो.

आता विंचवाकडे

या विषयात जगाने ज्यांच्याकडून शिकावं असे डॉक्टर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले आहेत, हे किती जणांना माहीत आहे? डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. १९७० च्या दशकात ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं आणि लहान मुलं दगावत होती. बावस्कर डॉक्टर रुग्णाच्या खाटेशी तासन् तास बसले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा यांच्या नोंदी ठेवत गेले. त्यातून १९८२ मध्ये लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांचा लेख आला. धोक्याची पूर्वसूचना देणारी लक्षणं त्यात मांडली होती : उलट्या, दरदरून घाम, गार हातपाय, पुरुषांमध्ये लिंगाचा ताठरपणा आणि जवनिकेचे अकाली ठोके. शेवटचं लक्षण तुम्हाला आता ओळखीचं वाटेल.

हे घडतं कसं? चेतापेशीच्या भिंतीत सोडियमची दारं असतात. ती उघडतात आणि लगेच मिटतात, म्हणून पल्स छोटी राहते. विंचवाचं विष ही दारं मिटू देत नाही. स्विच ऑनवरच अडकला असं समजा. परिणामी शरीराची स्वयंचलित चेतासंस्था बेफाम होते. आधी उलट्या, लाळ, घाम, कधी मंद नाडी, आणि पाठोपाठ अॅड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा पूर. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयाला भिंतीवर डोकं आपटल्यासारखं पंप करावं लागतं, आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरतं. जीव जातो तो बहुधा यामुळे.

कारण कळल्यावर उपाय शोधता आला. आवळलेल्या वाहिन्या सैल करायला हव्यात. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे काम करतं, पण ते शिरेतून, सतत रक्तदाब मोजत द्यावं लागतं. खेड्यात हे कठीण. मग प्राझोसिन ही साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी पुढे आली. १९८६ मध्ये डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तिच्यावर लॅन्सेटमध्ये लिहिलं. गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरातले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. पुढे २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ७० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास आला. प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण लवकर सावरतात, असं त्यात दिसलं. २०२२ मध्ये डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

एक पट्टी सोडवू

अभ्यासासाठी एक रुग्ण कल्पूया. वय २०, बांधकामावरचा कामगार. दोन तासांपूर्वी पायाला विंचू चावला. दोन उलट्या झाल्यात, शर्ट घामाने भिजलाय, तळहात बर्फासारखे गार, अंगाला थरथर. शुद्धीवर आहे, बोलतोय.

पट्टी बघू. कॅलिब्रेशन ठीक. नेहमीच्या आर-टोकांमध्ये अडीच मोठे चौकोन, म्हणजे ३०० भागिले २.५, वेग १२०. त्या प्रत्येक ठोक्याआधी पी, पीपासून क्यूआरएस चार छोटे चौकोन म्हणजे ०.१६ सेकंद, क्यूआरएस दोन छोटे चौकोन म्हणजे ०.०८ सेकंद. इथवर सायनस टॅकिकार्डिया. पण दर चार-पाच ठोक्यांनंतर एक ठोका लवकर येतो. पी नाही, रुंदी चार छोटे चौकोन, टी उलटी. आधीच्या आणि नंतरच्या ठोक्यातलं अंतर पाच मोठे चौकोन, म्हणजे अडीचच्या बरोबर दुप्पट. घड्याळ रीसेट झालेलं नाही. हे जवनिकेचे अकाली ठोके.

आता खरी गंमत. लीड एक आणि लीड दोनमध्ये बेसलाइन इतकी खडबडीत आहे की पी शोधणं मुश्कील, आणि मध्येच दोन सेकंद तर रुंद ठोक्यांची रांग लागल्यासारखी दिसते. व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया सुरू झाली की काय? घाबरायच्या आधी आपलं शास्त्र वापरू. लीड एक म्हणजे डावा हात वजा उजवा हात. लीड दोन म्हणजे डावा पाय वजा उजवा हात. लीड तीन म्हणजे डावा पाय वजा डावा हात. एक आणि तीन यांची बेरीज दोन भरते. हा आइंटहोवनचा नियम म्हणजे आपला किरचॉफच! लीड तीन बघितली तर ती स्वच्छ आहे, त्या दोन सेकंदांतही वेग १२० च आहे. एक आणि दोनमध्ये सामाईक काय? उजवा हात. जाऊन बघा, उजवा हात थरथरतोय आणि घामाने तिथला इलेक्ट्रोड निसटायला आलाय. हात पुसा, इलेक्ट्रोड नीट लावा, हात आधार देऊन ठेवा, पुन्हा पट्टी काढा. रांग गेली, अकाली ठोके मात्र राहिले. पहिली गोष्ट हाताची होती, दुसरी हृदयाची.

हे वाटतं तितकं किरकोळ नाही. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा १२ रुग्णांची हकीकत छापून आली, ज्यांच्या पट्टीवरची गडबड व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया समजली गेली. काहींच्या हृदयात विनाकारण कॅथेटर गेलं, एकाला तर पेसमेकरही बसला. शहाण्या डॉक्टरांना फसवणारी ती रेघ शेवटी कुठल्यातरी अॅम्प्लिफायरमधूनच आलेली होती.

उलट बाजूही आहे. विंचूदंशात एसटी भाग वर-खाली होतो, सुरुवातीला टी उंच टोकदार होते. यंत्र आपोआप निदान छापत असेल तर "हार्ट अॅटॅक" असंही छापू शकतं. यंत्राला पट्टी दिसते, चावलेला पाय दिसत नाही. शिवाय बेसलाइन छान सरळ दिसावी म्हणून खालचा कट-ऑफ ०.०५ ऐवजी ०.५ हर्ट्झ केला, तर साधा फिल्टर एसटीचा आकारच बदलून टाकू शकतो. देखण्या रेघेपायी खरी माहिती गेली. आपल्यातलं कुणीतरी उद्या असं यंत्र बनवेल, तेव्हा हे आठवावं.

आणि उपचार? अकाली ठोके दिसले म्हणून नुसतं ठोके दाबणारं औषध देणं पुरेसं नाही. मागचं वादळ शमवलं की ठोके बहुधा आपोआप ताळ्यावर येतात. बावस्करांच्या कामाचं सार मला तरी हेच वाटतं. त्यांनी पट्टी माणसासकट वाचली.

हॉस्टेलवाल्यांसाठी चार ओळी

मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण छोटा लाल विंचू जास्त घातक. आग कमी होतेय म्हणजे धोका कमी, असं समजू नका. उलटी, घाम, गार हातपाय यापैकी काहीही दिसलं तर एक मिनिट दवडायचं नाही. खरं तर लक्षणांची वाटच बघू नका. चावल्याची वेळ लिहून ठेवा, ब्लेडने कापू नका, आवळून बांधू नका, मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका. रेक्टर सरांना उठवा, १०८ ला फोन करा, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. पुढे गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरची घाटी वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. गोळी कोणती, किती, कधी, हे डॉक्टरच ठरवतील, स्वतः प्रयोग नकोत. आणि रोज सकाळी बूट घालण्याआधी झटका, रात्री टॉर्चशिवाय मागच्या मोकळ्या जागेत फिरू नका. उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसानंतर तर नक्कीच नाही.

असो. लेख लांबला, संपादक मंडळ कात्री घेऊन बसलं असेल. हे वाचून कुणी डॉक्टर होणार नाही, व्हायचंही नाही. पण पुढच्या वेळी कुणा नातेवाइकाची पट्टी हातात आली, तर ती घडी घालून फाइलमध्ये ठेवण्याआधी एकदा चौकोन मोजून बघा. डॉक्टरांना दोन नेमके प्रश्न विचारता आले आणि त्यांचं उत्तर समजलं, तर मी हा लेख लिहिल्याचं सार्थक झालं असं समजेन. आमचा ईसीजी बोर्ड लॅबमध्ये ठेवलेला आहे. तो शिकण्यासाठी आहे, निदानासाठी नाही. बॅटरीवर चालतो, शॉक लागत नाही. या, आणि आपल्याच हृदयाची रेघ एकदा बघून जा.